लाउडनेसचे मोजमाप: कोकणातल्या ध्वनिमुद्रकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात डबलबारी भजने, दशावतारी नाटके, नमन, जाखडी, घरगुती पॉडकास्ट आणि लग्नाचे व्हिडिओ यांचे ध्वनिमुद्रण करणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. लाउडनेस म्हणजे आवाज कानाला किती मोठा वाटतो ते, आणि ते मोजणारे साधन म्हणजे येथला मीटर. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल, आणि जिथे दोन उत्तरांचा विषय एकमेकांत शिरतो तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. कुठल्या कंपनीला कुठला आकडा हवा हे पाठ करण्यापेक्षा मीटर काय मोजतो आणि काय मोजत नाही हे समजणे अधिक उपयोगाचे, असे आमचे मत आहे. म्हणून आकड्यांची यादी मागणाऱ्यांना सहाव्या प्रश्नापर्यंत थांबावे लागेल.

१. आमच्या मिक्सरवर डेसिबल दिसतातच. मग हे एलयूएफएस वेगळे कशासाठी?

डेसिबल हे गुणोत्तर आहे. कशाच्या तुलनेत, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही. डिजिटल ध्वनिमुद्रणात ही तुलना कमाल मर्यादेशी होते. ती मर्यादा शून्य धरून खालची पातळी उणे आकड्यांत दाखवतात आणि तिला डीबीएफएस (डेसिबल फुल स्केल) म्हणतात. एलयूएफएसची (लाउडनेस युनिट्स फुल स्केल) तुलनाही त्याच कमाल मर्यादेशी होते, मात्र सिग्नल आधी कानाच्या संवेदनशीलतेला जवळ जाईल अशा फिल्टरमधून जातो आणि मग ठरावीक काळाची सरासरी घेतली जाते. एका एलयूचा (लाउडनेस युनिटचा) फरक म्हणजे एका डेसिबलचाच फरक, त्यामुळे फेडर (मिक्सरवरची आवाज कमीजास्त करणारी सरकपट्टी) किती सरकवायचा हे सरळ वजाबाकीने कळते. काही कागदपत्रांत, विशेषतः अमेरिकन, एलकेएफएस असे लिहिलेले असते. ते एलयूएफएसच समजावे.

२. दोन्ही फाइलींची पीक पातळी −१ वर आहे, तरी एक दणदणीत आणि दुसरी बारीक का ऐकू येते?

पीक पातळी म्हणजे सिग्नलने गाठलेले सर्वांत उंच टोक. ती एका क्षणाची असते, आणि आवाज किती मोठा आहे हे कान क्षणावरून ठरवत नाही. मृदंगाची थाप काही मिलिसेकंदांत कमाल पातळी गाठून उतरते. पायपेटीचा धरून ठेवलेला सूर त्याहून बराच खाली असूनही भरगच्च वाटतो, कारण त्याची ऊर्जा टिकून राहते. १९३९ साली अमेरिकेत प्रमाणित झालेल्या व्हीयू मीटरचा काटा मुद्दाम सुमारे ३०० मिलिसेकंदांच्या संथ चालीचा ठेवला होता, तो याचसाठी. पुढे प्रसारणात पीक पातळीची मर्यादा हीच मुख्य अट उरली, तेव्हा जाहिराती बनवणाऱ्यांनी कंप्रेसर (मोठा आवाज दाबणारा) आणि लिमिटर (ठरावीक पातळीवर आवाज अडवणारा) वापरून मर्यादा न ओलांडता सरासरी वर नेली. या ओढाताणीतून आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ मध्ये बीएस.१७७० ही शिफारस प्रसिद्ध केली. आज वापरात असलेले बहुतेक सर्व लाउडनेस मीटर तिच्यावर बेतलेले आहेत.

३. मीटर आतमध्ये नेमके करतो काय?

प्रत्येक चॅनल (ध्वनीची डावी, उजवी अशी एकेक बाजू) प्रथम दोन टप्प्यांच्या फिल्टरमधून जातो. या जोडीला के-वेटिंग म्हणतात. पहिला टप्पा श्रोत्याच्या डोक्यामुळे ध्वनीवर होणारा परिणाम धरून साधारण दोन हजार हर्ट्झच्या वरच्या भागाला सुमारे ४ डेसिबलची उचल देतो. दुसरा टप्पा अगदी खालचा भाग कमी करतो: १०० हर्ट्झला सुमारे १ डेसिबल, ५० हर्ट्झला सुमारे ४, आणि त्याखाली झपाट्याने अधिक. फिल्टरमधून बाहेर आलेल्या सिग्नलच्या किमतींच्या वर्गांची (प्रत्येक किमतीला तिनेच गुणून) सरासरी काढून सर्व चॅनलांची बेरीज करतात, आणि तिचे डेसिबलमध्ये रूपांतर करून ०.६९१ वजा करतात. ही विचित्र वाटणारी वजाबाकी १००० हर्ट्झजवळ फिल्टरने दिलेली उचल भरून काढण्यासाठी आहे. सराउंड मिश्रणात मागच्या चॅनलांना दीड डेसिबल अधिक वजन मिळते आणि सबवूफरचा चॅनल मोजलाच जात नाही, हे ऐकून अनेकांना धक्का बसतो.

आपला मीटर बरोबर आहे की नाही हे तपासणे सोपे आहे. दोन्ही चॅनलांत १००० हर्ट्झचा शुद्ध स्वर −२३ डीबीएफएस पीक पातळीने वाजवावा. मीटरवर −२३ एलयूएफएस दिसले पाहिजेत. तोच स्वर एकाच चॅनलात ठेवला तर −२६ दिसतात. हे तीन कुठे जातात, ते अकराव्या प्रश्नात पाहावे.

४. मीटरवर एकाच वेळी तीन आकडे हलतात. कुठला बघायचा?

युरोपीय प्रसारण संघाने हे तीन आकडे निश्चित केले. मोमेंटरी हा ४०० मिलिसेकंदांचा असतो, शॉर्ट-टर्म तीन सेकंदांचा, आणि इंटिग्रेटेड म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत संपूर्ण कार्यक्रमाचा. फाइल देताना विचारला जातो तो इंटिग्रेटेड. मिश्रण करताना मात्र शॉर्ट-टर्मवर नजर ठेवावी, कारण दोन तासांच्या नाटकात इंटिग्रेटेड आकडा एवढा जड होऊन बसतो की एखादा प्रवेश बिघडला तरी तो हलत नाही.

मधला चांगला भाग निवडून त्यावर मोजमाप करणे चुकीचे आहे. नांदीपासून शेवटच्या आरतीपर्यंत सगळे मोजावे.

५. दशावतारात मध्येच शांतता असते, पात्र येईपर्यंत नुसती कुजबुज असते. ती सरासरीत धरली तर आकडा खाली नाही का येणार?

आला असता, म्हणूनच बीएस.१७७० च्या २०११ मधल्या सुधारित आवृत्तीत गेट, म्हणजे फार हळू भाग मोजमापातून वगळण्याची सोय, आले. हे गेट दोन पायऱ्यांत चालते. कार्यक्रमाचे ४०० मिलिसेकंदांचे, एकमेकांवर तीन चतुर्थांश चढलेले तुकडे पाडतात. −७० एलयूएफएसच्या खालचे तुकडे लगेच बाद होतात. उरलेल्यांची सरासरी काढून तिच्या १० एलयू खाली दुसरी रेषा आखतात, आणि तिच्याखालचे तुकडे वगळून अंतिम सरासरी घेतात.

उदाहरणार्थ, प्रयोगाचा अर्धा वेळ −१८ वर आणि अर्धा −४० वर आहे असे धरू. सरळ सरासरी −२१ येते, कारण निम्म्या वेळात ऊर्जा जवळजवळ नाहीच. दुसरी रेषा −३१ वर पडते, −४० चे सगळे तुकडे बाहेर जातात आणि आकडा −१८ मिळतो, म्हणजे प्रेक्षकाने नाटक म्हणून जे ऐकले त्याचाच. हा हिशेब कुठे फसतो हे तेराव्या प्रश्नात दिले आहे. कोकणातल्या ध्वनिमुद्रकाने ते उत्तर चुकवू नये.

६. शेवटी आकडा किती ठेवायचा ते सांगा.

युरोपातील दूरचित्रवाणी आणि रेडिओ २०१० च्या आर १२८ या शिफारशीनुसार −२३ एलयूएफएस पाळतात. थेट प्रक्षेपणात एका एलयूची सूट आहे आणि ट्रू पीक (ध्वनितरंगाचे खरे शिखर, आठवा प्रश्न पाहावा) −१ च्या वर जाऊ द्यायचा नसतो. अमेरिकेत −२४ आहे, आणि तिथे २०१० च्या कायद्याने जाहिरातींना कार्यक्रमाच्या पातळीत राहणे बंधनकारक झाले. अंमल डिसेंबर २०१२ पासून. आपल्याकडे केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ मध्ये जाहिरातीचा आवाज अवाजवी मोठा नसावा असे म्हटले आहे, पण आकडा दिलेला नाही. म्हणून वाहिनीला काम देताना तिची तांत्रिक अट लेखी मागवून घ्यावी.

इंटरनेटवर स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगमध्ये −१४ धरते, यूट्यूबही −१४ च्या आसपास. ॲपल म्युझिक −१६. पॉडकास्टसाठी ॲपलची शिफारस −१६, एक डेसिबल इकडेतिकडे, आणि ट्रू पीक −१ पर्यंत. केवळ बोलण्याच्या ध्वनिमुद्रणासाठी −१६ हा आकडा आम्हांलाही पटतो. भजनासाठी एकच आकडा देण्याचे आम्ही टाळतो, आणि त्याचे कारण पुढच्याच उत्तरात आहे.

७. −८ वर मास्टर करून टाकले तर आमचे भजन दुसऱ्या बुवांपेक्षा मोठे वाजेल ना?

वाजणार नाही. −१४ ला आणणारे स्पॉटिफाय किंवा यूट्यूबसारखे इंटरनेट व्यासपीठ ही फाइल ६ डेसिबलने खाली उतरवील, आणि लिमिटरने चपटी केलेली मृदंगाची थाप तशीच चपटी राहील. तेच भजन −१३ वर मोकळे ठेवले असते तर एकाच डेसिबलने उतरले असते, थापेची धार शाबूत राहिली असती आणि दोन्ही शेजारी ऐकल्यावर हेच अधिक जिवंत वाटले असते. प्रतिस्पर्धी बुवांवर मात करायची तर ती गजरात करावी.

उलट बाजूही लक्षात ठेवावी. फाइल −२० वर असेल तर यूट्यूब ती वर उचलत नाही, आहे तशी वाजवते. स्पॉटिफाय उचलते, पण ट्रू पीकला १ डेसिबलची जागा शिल्लक राहील इतपतच.

८. ट्रू पीक आणि साधी पीक पातळी यांत फरक काय?

साधा मीटर नमुन्यांच्या (डिजिटल फाइलीत सेकंदाला हजारो वेळा घेतलेल्या नोंदींच्या) किमती वाचतो, आणि प्रत्यक्ष ध्वनितरंग दोन नमुन्यांच्या मधून त्यांच्याहून उंच जाऊ शकतो. ठळक उदाहरण असे: नमुनादराच्या बरोबर एक चतुर्थांश वारंवारतेचा शुद्ध स्वर, म्हणजे ४८,००० च्या फाइलीत १२,००० हर्ट्झचा, योग्य कलेत (फेजमध्ये) ठेवला तर त्याचे सगळे नमुने खऱ्या शिखराच्या ३ डेसिबल खाली पडतात. नमुने शून्यावर आणून ठेवले की खरा तरंग शून्याच्या ३ डेसिबल वर गेलेला असतो. म्हणून ट्रू पीक मीटर नमुनादर किमान चौपट करून मोजतो.

झांज आणि टाळ यांच्या ध्वनिमुद्रणात हा फरक विशेष दिसतो, कारण त्यांची बरीच ऊर्जा वरच्या पट्टीत असते. शिवाय एमपी३ किंवा एएसी करताना शिखरे थोडी बदलतात, त्यामुळे −१ ची जागा सोडणे ही कंजुषी नव्हे.

९. आकडा कमी आला तर सरळ गेन वाढवून चालते का?

वरती जागा असेल तर चालते, आणि हाच सर्वांत स्वच्छ मार्ग आहे. गेन म्हणजे सगळ्या सिग्नलला सारखीच दिलेली वाढ. −१९ ला −१६ करायचे तर ३ डेसिबल वाढवावे. पण ट्रू पीक आधीच −२ वर असेल तर तो +१ वर जाईल. मग लिमिटरने २ डेसिबल कापावे लागतील किंवा मिश्रणात परत जाऊन जी एखादीच थाप उंच गेली आहे तिला हाताने खाली आणावे लागेल. आम्ही दुसरे सुचवतो. लिमिटर लावल्यानंतर इंटिग्रेटेड आकडा पुन्हा मोजावा, तो किंचित घसरलेला असतो.

१०. आठ भजनांचा संच आहे. प्रत्येक भजन −१४ वर आणायचे का?

आणू नये. संथ अभंग आणि गजर एकाच आकड्यावर आणले तर अभंग गजराएवढ्या आवाजात गायला आहे असे वाटते, जे बारीत कधीच घडत नाही. संपूर्ण संच सलग जोडून एकदा मोजावा, सर्वांना सारखाच गेन द्यावा आणि गाण्यांमधील अंतर गायकाने ठेवले तसे राहू द्यावे. कुणी पूर्ण अल्बम क्रमाने ऐकत असेल तर स्पॉटिफायसुद्धा अल्बमभर एकच दुरुस्ती लावते. एकेक गाणे स्वतंत्रपणे प्रसिद्ध होणार असेल तर प्रश्नच वेगळा. तेव्हा प्रत्येकाचे वेगळे मोजमाप योग्य.

कार्यक्रमातील चढउतार मोजण्यासाठी लाउडनेस रेंज नावाचा आकडा आहे. तीन-तीन सेकंदांच्या किमती घेऊन त्यांतील सर्वांत खालचे दहा टक्के आणि सर्वांत वरचे पाच टक्के सोडून उरलेला पल्ला तो दाखवतो, म्हणजे एखादी आरोळी किंवा शेवटचा विरत जाणारा सूर त्याला फसवू शकत नाही. एका मिनिटाहून छोट्या तुकड्यासाठी हा आकडा पाहू नये.

११. मोनो फाइल आणि स्टिरिओ फाइल यांचा आकडा ३ ने वेगळा येतो. मीटर बिघडला आहे का?

मीटर ठीक आहे. बेरीज चॅनलांची असते, आणि एका चॅनलाची ऊर्जा दोन सारख्या चॅनलांच्या निम्मी म्हणजे ३ डेसिबल कमी भरते. पॉडकास्टची मोनो फाइल मात्र श्रोत्याच्या दोन्ही कानांत वाजते. म्हणून −१६ दाखवणारी स्टिरिओ आणि −१९ दाखवणारी मोनो फाइल ऐकताना सारख्या वाटतात. अनेक मीटरांत मोनोला दुहेरी धरण्याची सोय असते. ती चालू आहे की बंद हे आधी पाहावे, आणि ग्राहकाला आकडा कळवताना फाइल मोनो आहे हे लिहावे.

१२. शिमग्याच्या ढोलांचे ध्वनिमुद्रण आणि निवेदन दोन्ही −१६ वर आहेत, तरी मोबाइलवर ढोल अगदीच बारीक वाजतात. असे का?

के-वेटिंग १०० हर्ट्झला जेमतेम एका डेसिबलने कमी करते, म्हणजे ढोलाचा घुमारा मीटर जवळजवळ पूर्ण मोजतो. मोबाइलचा इवलासा स्पीकर तो भाग वाजवूच शकत नाही. मीटरने मोजलेली ऊर्जा श्रोत्यापर्यंत पोहोचली नाही, एवढाच याचा अर्थ. अशा ध्वनिमुद्रणात टिपरीचा ढोलावर बसणारा ठोका आणि ताशाची कडकड मिश्रणात पुढे आणावी. ते एक ते चार हजार हर्ट्झच्या आसपास असते आणि मोबाइलवर टिकते. ढोलाचा खालचा भाग पूर्ण कापण्याचा सल्ला काही जण देतात, तो आम्हांला मान्य नाही. हेडफोनवर ऐकणाराही श्रोता आहेच.

दुसरे कारण कानाशी संबंधित आहे. हळू आवाजात ऐकताना कानाला खालचे स्वर अधिकच कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवले होते. मीटरचा फिल्टर एकच आणि स्थिर आहे. श्रोता किती आवाजात ऐकतो आहे हे त्याला माहीत नसते.

१३. पावसाळ्यात पत्र्याच्या मंडपात ध्वनिमुद्रण केले. आकडा बरोबर आला, तरी गाणे जास्तच मोठे झाले. गेटने पाऊस वगळायला हवा होता ना?

गेटला पाऊस ओळखता येत नाही, त्याला फक्त पातळी कळते. पाचव्या प्रश्नातील उदाहरण पुन्हा घेऊ: अर्धा वेळ गाणे −१८ वर, आणि उरलेला अर्धा वेळ नुसता पत्र्यावरचा पाऊस −२७ वर. आता सरासरी −२०.५ येते, वगळण्याची रेषा −३०.५ वर पडते आणि पाऊस तिच्या वर असल्यामुळे सगळा हिशेबात येतो. मीटर −२०.५ दाखवतो. ती फाइल −१६ ला नेताना आपण ४.५ डेसिबल वाढवतो आणि गाणे −१३.५ वर जाऊन बसते. उपाय असा की गाण्यांमधला पाऊस आधी हाताने खाली आणावा आणि मग मोजावे, किंवा फक्त गाण्याचा भाग मोजून तो आकडा प्रमाण मानावा. चौथ्या प्रश्नातील नियमाला आम्ही मान्य करतो असा हा एकच अपवाद.

समुद्रावरच्या वाऱ्याची गोष्ट नेमकी उलटी आहे. मायक्रोफोनवर आदळणाऱ्या वाऱ्याची ऊर्जा मुख्यतः फार खालच्या भागात असते, जी के-वेटिंग बरीचशी सोडून देते. त्यामुळे लाउडनेसचा आकडा फारसा बदलत नाही, पण पीक पातळी वर जाते आणि लिमिटर न ऐकू येणाऱ्या धक्क्यांवर दाबत राहतो. किनाऱ्यावर मायक्रोफोनला फरचे आवरण घालावे, आणि निवेदनाला ८० हर्ट्झच्या आसपास लो-कट (त्याखालचे स्वर कापणारा फिल्टर) लावून मगच लिमिटर लावावा.

१४. गणपतीत पोलीस मीटर घेऊन येतात. गाण्याची फाइल −२० एलयूएफएसला ठेवली तर मंडळ नियमात बसेल का?

या दोन मोजमापांचा एकमेकांशी थेट संबंध नाही. पोलिसांचा मीटर हवेतील ध्वनिदाब मोजतो, आणि तो ॲम्प्लिफायर, स्पीकर व अंतर यांवर ठरतो. फाइल कितीही हळू असली तरी मिक्सरवरचा फेडर वर करणारा हात असतोच. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डीबी(ए), म्हणजे ए-वेटिंग फिल्टर लावून मोजलेले डेसिबल, ही मर्यादा आहे. ध्वनिक्षेपक असलेल्या सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल अधिक किंवा ७५ डीबी(ए), यांपैकी जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये.

डीबी(ए) मधला ए-वेटिंग फिल्टर १०० हर्ट्झला तब्बल १९ डेसिबलने कमी करतो. म्हणूनच मीटरवर आकडा नियमात असतो आणि शेजारच्या घराच्या खिडक्या मात्र थरथरत असतात.

१५. ओटीटीसाठी मराठी चित्रपटाचे काम आले आहे. तिथे वेगळेच नियम दिसतात.

नेटफ्लिक्स −२७, दोन एलयू इकडेतिकडे, आणि ट्रू पीक −२ पर्यंत मागते. पण हा आकडा संवादांपुरता मोजायचा असतो. मीटर बोलण्याचे भाग ओळखून तेवढेच धरतो, त्यामुळे वादळाचा प्रसंग किंवा पार्श्वसंगीत मोठे असले तरी संवादाची पातळी चित्रपटभर सारखी राहते. साध्या इंटिग्रेटेड मीटरने मोजून दिलेली फाइल परत येण्याची शक्यता असते.

चित्रपटगृहासाठीच्या मिश्रणात तर एलयूएफएसची अटच नसते. तिथे खोली प्रमाणित करतात: −२० डीबीएफएसचा पिंक नॉइज (चाचणीसाठीची एकसारखी सळसळ) पडद्यामागच्या प्रत्येक स्पीकरमधून ८५ डेसिबल, मीटर सी-वेटिंग फिल्टर आणि संथ गतीवर ठेवून, वाजला पाहिजे, पुढचे काम कानाने.

१६. मोफत साधन कुठले वापरावे, आणि एफएफएमपेगमधून काढल्यावर आवाज वरखाली का होतो?

ऑडॅसिटीत लाउडनेस नॉर्मलायझेशनची सोय आहे, यूलीनच्या मीटरची मोफत आवृत्ती मिळते आणि एफएफएमपेग या आज्ञा लिहून चालवायच्या मोफत साधनात मोजणारा व बदलणारा असे दोन्ही फिल्टर आहेत. बीएस.१७७० पाळणारे कुठलेही साधन चालेल.

एफएफएमपेगचा लाउडनॉर्म हा फिल्टर एकाच फेरीत चालवला तर पुढे काय येणार हे त्याला माहीत नसते, म्हणून तो गेन चालता चालता बदलत जातो. आलापात तानपुरा हळूहळू वर येताना ऐकू येतो तो त्यामुळेच. पहिल्या फेरीत केवळ मोजावे, आलेले आकडे दुसऱ्या फेरीला द्यावेत आणि बदल सरळ रेषेत, म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच गेनने, होईल असे सेटिंग ठेवावे. ट्रू पीकला जागा नसेल किंवा फाइलीची लाउडनेस रेंज मागितलेल्या रेंजपेक्षा मोठी असेल तर तो सेटिंग न जुमानता पुन्हा पहिल्या पद्धतीवर जातो, हे शेवटी छापल्या जाणाऱ्या अहवालात दिसते. लक्ष्य दिले नाही तर तो −२४ धरतो, आणि पहिल्या पद्धतीत नमुनादर १,९२,००० करून ठेवतो. ४८,००० हवे असल्यास तसे स्वतंत्रपणे लिहावे लागते.